नावं सोडवून देणारा धम्मानंद

धम्मानंद गजभारे लातूरला शिकायला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि कायमचा परत आला तेव्हाही सोळाच वर्षांचा होता. मधे फक्त साडेतीन महिने गेले.

लोहा तालुक्यातलं त्याचं गाव. वडील मारोती गजभारे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. दहावीला धम्मानंदला एक्क्याऐंशी टक्के पडले, तेव्हा शाळेच्या हेडमास्तरांनी स्वतः मारोतीला खुर्चीवर बसवून सांगितलं की पोराला लातूरला टाका. त्या सालात नांदेड-परभणीकडची हुशार पोरं लातूरच्याच गाडीत बसायची. मारोतीने जीपीएफमधून उचल काढली आणि त्र्याण्णवच्या जूनमध्ये पोराला लातूरला नेऊन सोडलं. एका खोलीत पाच पोरं. सकाळी कॉलेज, संध्याकाळी भीमाशंकर सरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्सची शिकवणी.

सप्टेंबरच्या तीस तारखेला पहाटे जमीन हलली. लातूर शहर तसं वाचलं, पण दिवस उजाडला तसे औसा-निलंग्याकडून जखमींचे ट्रक यायला लागले. खोलीतली पाचही पोरं सरकारी दवाखान्यात गेली. धम्मानंदला पाणी पाजायचं काम मिळालं. दोन दिवस त्याने तेच केलं. पाणी पिता पिता मेलेली दोन माणसं त्याने पाहिली, पण ते त्याने घरी कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मारोती आला. धम्मानंद दवाखान्यातून खोलीवर आला तोवर बापाने त्याची ट्रंक बांधून ठेवली होती. धम्मानंद म्हणाला की पंधरा दिवसांत वर्ग सुरू होतील, सर सांगून राहिलेत.

"शिक्षण गावाकडं बी हाय," मारोती म्हणाला. "जीव येकच हाय."

वर्ग पंधरा दिवसांत नाही, तरी महिन्याभरात सुरू झाले. खोलीतली बाकीची चारही पोरं परत गेली. धम्मानंदच्या आईने, धुरपताबाईने, त्याला जाऊ दिलं नाही. ती ऐकूनच घेत नव्हती. मग लोह्याच्या कॉलेजात नाव घातलं. तिथे फिजिक्सच्या मास्तरांची जागा दीड वर्ष रिकामी होती. बारावीला छप्पन्न टक्के पडले. त्या चौघांपैकी दोघे डॉक्टर झाले, एक इंजिनिअर. चौथ्याचं काय झालं ते त्याला कळलं नाही.

आयटीआयला कॉम्प्युटर ऑपरेटरचा एक वर्षाचा कोर्स करून अठ्ठ्याण्णव साली धम्मानंद नांदेडच्या बाहेर निघालेल्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब अटेंडंट म्हणून लागला. ठोक पगार, कायम नाही. काम असं: सकाळी लॅब झाडून घ्यायची, मशीन चालू करायच्या, पोरांची हजेरी धरायची, संध्याकाळी मशीन बंद करून कव्हरं घालायची. बसायला एक स्टूल होतं. खुर्च्या पोरांसाठी होत्या.

तिथेच तो नावं सोडवायला शिकला.

हे नावं सोडवणं म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे. पोरं सी प्लस प्लस नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक कामाला एक नाव द्यावं लागतं. पण या भाषेत एकच नाव दोन-चार कामांना चालतं. मार्क भरणं हे विद्यार्थ्याचंही काम असू शकतं आणि विषयाचंही. माणसाला मागच्या-पुढच्यावरून कळतं, मशीनला कळत नाही. म्हणून प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर प्रत्येक नावाला शेपूट जोडतो. हे काम कुणाचं, त्याला काय काय द्यायचं, सगळं त्या नावातच कोंबून ठेवतो. पोराने साधं setMark लिहिलेलं असायचं, आणि पडद्यावर चूक यायची ती अशी, की setMark__7Studentif सापडत नाही. पोरं त्याकडे बघत बसायची. मास्तर म्हणायचे, सगळं पुसा आणि पुन्हा लिहा.

धम्मानंद स्टुलावर बसून ते रोज पाहायचा. एकदा त्याने Student ची अक्षरं बोटांवर मोजली. सात भरली. दुसऱ्या एका नावात Subject च्या आधी सात आणि Fee च्या आधी तीन होतं. म्हणजे आकडा पुढच्या शब्दाची लांबी सांगतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी तो सायकलवरून खोलीवर गेला तो कुणाशी न बोलता, कारण बोलला असता तर ते हातचं जाईल अशी त्याला भीती वाटली.

शेवटची अक्षरं सोडवायला अकरा दिवस लागले. पोरं गेल्यावर तो एक चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, त्यात एकच गोष्ट बदलायचा आणि नाव कसं बदलतं ते बघायचा. पूर्णांक दिला की i येतो. दशांश दिला की f. जागेचा पत्ता दिला की P. T आणि पुढे आकडा आला, तर आधी अमुक ठिकाणी जे आलं तेच पुन्हा. या एका T ला मात्र आणखी दोन महिने गेले. सगळं तो एका लांबड्या रजिस्टरमध्ये लिहायचा. डाव्या रकान्यात मोडलेलं नाव, उजव्या रकान्यात सरळ केलेलं.

पोरांना कळायला वेळ लागला नाही. प्रोजेक्ट अडला की पोरं चूक कागदावर उतरवून आणायची. धम्मानंद वाचून सांगायचा: "विद्यार्थ्याच्या नावाखाली मार्क भरायचं काम आहे. एक पूर्णांक मागतंय, एक दशांश. तुम्ही दोन्ही पूर्णांक दिलेत. तिथं बघा." आणि चूक तिथेच असायची. विभागप्रमुख सरोजिनी मॅडमही पोरांना म्हणायच्या, धम्मानंदकडे जा, तो नावं सोडवून देतो. ही गोष्ट त्याने गावाकडे जाऊन बापाला सांगितली. मारोतीला नीटसं समजलं नाही, पण कॉलेजातल्या मॅडम पोराचं नाव घेतात एवढं त्याने चार ठिकाणी सांगितलं.

दोन हजार दोनच्या सुट्टीत कॉलेजाने मशीनवर नवा कंपायलर घातला. जूनमध्ये पहिल्या पोराने कागद आणला तेव्हा धम्मानंदला एक अक्षर लागेना. सगळी पद्धतच बदलली होती. नाव आता _ZN पासून सुरू व्हायचं, आकडे दुसरीकडे, शेपूट वेगळं. साडेतीन वर्षांचं रजिस्टर एका सुट्टीत जुनं झालं. पोराला त्याने उद्या ये म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी परवा. मग नवीन रजिस्टर आणून पहिल्या पानापासून बसला. सहा महिन्यांत ती पद्धतही त्याने सोडवली.

लातूरचा निरोप आला तो दोन हजार तीनच्या पावसाळ्यात. भीमाशंकर सरांच्या पत्र्याच्या शेडची आता चार मजली इमारत झाली होती. भूकंपानंतर सर लातूर सोडून गेले नव्हते. ताडपत्रीखाली त्यांनी वर्ग घेतले होते, आणि त्या तुकडीचा निकाल असा लागला की पुढच्या साली गावोगावचे आईबाप रांगेत उभे राहिले. आता दर रविवारी तीन हजार पोरांची चाचणी व्हायची आणि सोमवारी रँक लागायची. ती रँक लावणारा प्रोग्रॅम एका माणसाने लिहून दिला होता. तो अमेरिकेला गेला, त्याचा पत्ता नव्हता, आणि मूळ लिहिलेला प्रोग्रॅम कुणाकडेच नव्हता. मशीनच्या भाषेतली एक तयार फाइल तेवढी होती. पुढच्या साली इंजिनिअरिंगलाही सीईटी लागणार होती, म्हणजे रँक लावायची रीत बदलायला हवी होती. फाइलमध्ये कोणकोणती कामं आहेत, त्यांना काय द्यायचं, एवढं कळलं तर बाहेरून जोडून घेता येईल असं कुणीतरी सरांना सांगितलं. आणि कॉलेजातल्या एका जुन्या पोराने धम्मानंदचं नाव सुचवलं.

सर त्याला ओळखत नव्हते. आपण त्र्याण्णवला तुमच्याकडे होतो असं धम्मानंदने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "त्या साली लई पोरं गेली हो." मग फाइलमधल्या नावांचा छापलेला गठ्ठा त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. सहाशे बारा नावं होती, सगळी जुन्या पद्धतीची.

"हे जमवून आणा," सर म्हणाले. "मग आमचा कॉम्प्युटरचा विभाग तुम्हीच सांभाळा. नांदेडला काय ठेवलंय?"

तो गठ्ठा घेऊन धम्मानंद लोह्याच्या गाडीत बसला. घरी त्याने एवढंच सांगितलं की लातूरला काम निघालंय. पण धुरपताबाईने ते नायगावच्या पाहुण्यांना कळवलं. तिथल्या एका मुलीची बोलणी पोराच्या कच्च्या नोकरीवर अडली होती, ती पुन्हा सुरू झाली.

त्याची धाकटी बहीण रूपाली तेव्हा डी.एड. करत होती. चार महिने दर रविवारी दोघं शाळेच्या ओट्यावर बसायचे. शाळेच्या फाटकाची किल्ली मारोतीकडे असायची. रूपाली छापलेल्या कागदावरून एकेक अक्षर वाचायची, धम्मानंद सोडवून रजिस्टरात लिहायचा. महिन्याभरात ती स्वतःच आकडा वाचून तितकी अक्षरं तोडायला लागली. कधी कधी ती त्याच्या आधी सांगायची आणि तो म्हणायचा, थांब, पी राहिला. नावांवरून त्या न पाहिलेल्या माणसाचा स्वभाव कळायचा. तो घाईत लिहायचा, स्पेलिंग चुकवायचा, आणि एका कामाला त्याने 'परत बघू' असं नाव दिलं होतं. रूपालीला त्याचं हसू आलं. सहाशे बारावं नाव सुटलं तेव्हा तिने कागद खाली ठेवले आणि म्हणाली, "दादा, आता तुला कुणी काढू शकत न्हाई." त्यालाही तसंच वाटत होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी तो लातूरला गेला. सकाळची गाडी धरली, इस्त्रीचा शर्ट घातला. सरांच्या केबिनमध्ये एक तरुण बसलेला होता. सर्वेश कुलकर्णी, क्लासचाच जुना विद्यार्थी. पुण्याला कंपनीत होता आणि सुट्टीला आला होता. सरांनी त्याला सहज बोलावून घेतलं होतं, एकाला दोन असावेत म्हणून.

धम्मानंदने रजिस्टर टेबलावर उघडलं. सर्वेशने दोन पानं उलटली. मग त्याने विचारलं, "तुम्ही हे हातानं केलंत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

सर्वेशने खुर्ची मशीनकडे ओढली. एक ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. पडद्यावर नावं धावायला लागली. सोडवलेली, सरळ, शेपूट नसलेली. चहाचा कप उचलून पुन्हा ठेवेपर्यंत सहाशे बाराच्या सहाशे बारा झाली.

"यासाठी एक कमांड असते," सर्वेश म्हणाला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. "c++filt. कंपायलरबरोबर येतेच. जुनी पद्धत, नवी पद्धत, दोन्ही सोडवते."

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. "म्हंजे हे आत्ता आलं ते आणि वहीतलं, येकच हाय का?"

"एकच आहे, सर," सर्वेश म्हणाला.

धम्मानंदला वाटलं की आता काहीतरी होईल, कुणी ओरडेल किंवा हसेल. तसं काही झालं नाही. सरांनी त्याच्यासाठी चहा मागवला. सर्वेश सरांना समजावून सांगू लागला की नावं कळली तरी कामं आतून कशी चालतात ते यातून कळत नाही. हे जोडत बसण्यापेक्षा नव्याने लिहिणं सोपं, त्याच्या ओळखीची माणसं दोन आठवड्यांत करून देतील. सर मान हलवत होते. कॉम्प्युटर विभागाबद्दल कुणी नाही म्हणालं नाही. तो विषयच निघाला नाही.

जाताना धम्मानंदने एवढंच मागितलं की मशीनवर आलेली यादी छापून द्या. ती घेऊन तो बाहेरच्या बाकावर बसला आणि दुपारभर रजिस्टरशी ताडून पाहत राहिला. समोरून चाचणी देऊन सुटलेली पोरं जात होती, उत्तरं विचारत होती. सहाशे बारापैकी सहाशे नऊ बरोबर निघाली. तीन ठिकाणी त्याने न बदलणारा पत्ता आणि न बदलणारी वस्तू यांची अदलाबदल केली होती. त्या तिन्ही चुका त्याने पेनाने दुरुस्त केल्या. मग संध्याकाळची गाडी पकडली.

रूपाली एसटी स्टँडवर आली होती. चालता चालता त्याने सगळं सांगितलं. मग तिने विचारलं,

"सहाशे नऊ बरोबर आली ना?"

"आली."

"मग त्यांना सांगितलं का न्हाई?"

"कुणाला सांगू?"

सोमवारी लॅब उघडल्यावर त्याने पहिलं काम ते केलं. कमांड टाइप केली. ती त्याच्याही मशीनवर होती. अठ्ठ्याण्णव सालापासून होती. कमांडांच्या यादीत तो शब्द त्याने शेकडो वेळा पाहिला होता. काहीतरी गाळणीचा प्रकार असेल असं समजून पुढे गेला होता. मशीनमधली इंग्रजी माहिती कुणी उघडून वाचायला शिकवली नव्हती, आणि विचारायचं कुणाला हे त्याला सुचलं नव्हतं. तरी तो सरोजिनी मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि दारात उभा राहून त्याने विचारलं की अशी कमांड असते हे मॅडमना ठाऊक होतं का.

"अरे, ती तर असतेच की," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, तू तीच वापरतोस."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्या पेपर तपासत होत्या आणि त्याला आणखी काही विचारायचं आहे का म्हणून पाहत होत्या. धम्मानंद म्हणाला की काही नाही. तो लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसला. पाच वर्षं मॅडम पोरांना त्याच्याकडे पाठवत होत्या, ते एक कमांड टाइप करून घ्यायला. आपल्याला जे येतं ते कुणाला तरी माहीत आहे या एका गोष्टीवर तो पाच वर्षं उभा होता, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर पोरं कागद घेऊन आली की तो कमांड शिकवायचा. पोरं दोन मिनिटांत शिकायची आणि पुन्हा यायची नाहीत.

नायगावच्या पाहुण्यांनी नकार कळवला नाही. त्यांनी मुलगी दुसरीकडे दिली आणि ते लग्नपत्रिकेवरूनच कळलं. सरांच्या क्लासची रँक नव्या प्रोग्रॅमवर लागायला लागली. इमारतीवर पाचवा मजला चढला.

मारोती निवृत्त झाला त्या वर्षीची गोष्ट. एका दुपारी बापलेक अंगणात बसले होते. मारोतीच्या मनात ते बरीच वर्षं असावं. तो म्हणाला, "म्या तुला तवा आणलं नसतं तर, दुसरं काही झालं असतं."

धम्मानंदला म्हणता आलं असतं की तसं काही नाही, बाबा. शब्द तोंडाशी आलेही होते. पण तो उठला आणि गुरांना पाणी दाखवायला गेला. परत आला तेव्हा मारोती तसाच बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. पुढे चार वर्षांनी मारोती गेला. तोपर्यंत ते उत्तर धम्मानंदने त्याला दिलं नाही. द्यायचं ठरवून तो दोनदा गावी आला होता, पण दोन्ही वेळा घरात माणसं होती.

रूपाली जळकोटला दिली. तिला तिथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. धम्मानंदचं लग्न उशिरा झालं, एका विधवेशी, साधेपणाने विहारात. बायको बरी होती. त्याच्या कामाबद्दल ती काही विचारत नसे, आणि त्याच्याकडेही सांगण्यासारखं फारसं नव्हतं.

मग कॉलेजालाच उतरती कळा लागली. गावोगावी कॉलेजं झाली होती, चांगली पोरं पुण्याला जात होती. पगार आधी दोन महिने थांबला, नंतर सहा. दोन हजार तेरा साली कॉम्प्युटरची शाखा बंद केली. भंगारवाला आला त्या दिवशी मशीन मोजून द्यायला कुणीतरी हवं होतं. मॅडम तोवर औरंगाबादला गेल्या होत्या. धम्मानंदने सदतीस मशीन वजनावर मोजून दिल्या आणि प्राचार्यांच्या वतीने कागदावर सही केली. त्याचे स्वतःचे अकरा महिन्यांचे पैसे संस्थेकडे अडकले होते. अर्ज कुठे द्यायचा असं त्याने विचारलं, तेव्हा अर्ज घेणारा कारकूनही गेल्या आठवड्यात सोडून गेल्याचं कळलं.

आता तो लोह्याला एसटी स्टँडसमोरच्या दुकानात बसतो. दुकान दुसऱ्याचं आहे. उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे फॉर्म, जातपडताळणी, आणि मे-जूनमध्ये लातूर-नांदेडच्या क्लासला जाणाऱ्या पोरांचे प्रवेशाचे फॉर्म. आईबाप मागे उभे राहतात आणि पडद्याकडे बघत असतात. फॉर्म भरून झाला की हमखास कुणीतरी विचारतं, "सायेब, लागंल का नंबर पोराचा?"

"बघा," तो म्हणतो, आणि प्रिंट काढायला वळतो.